दरजेवरचा रफार

या पृथ्वीवर जेवढ्या म्हणून फटी आहेत, त्या सगळ्या कुणाच्या तरी हलगर्जीपणामुळं राहून गेल्यात आणि त्या बुजवायचं उरलेलं काम देवानं आपल्या एकट्यावर सोपवलंय, अशी पक्की खात्री असलेला एकच माणूस मी आयुष्यात पाहिला. ते म्हणजे आमचे शेजारी, सरकारी बांधकामावरून निवृत्त झालेले ओव्हरसियर काका. जालन्यातल्या आमच्या कॉलनीत त्यांना नावानं कुणी ओळखत नसे. नवा पोस्टमनसुद्धा पहिल्याच आठवड्यात 'ते दरजवाले कुठं राहतात' असं विचारायला शिकला. दरज म्हणजे दोन दगडांमधला, दोन फरश्यांमधला सांधा. इतर लोक हा शब्द घर बांधताना महिनाभर वापरतात आणि विसरून जातात. काका तो सकाळी दात घासल्यापासून वापरत. रस्त्यानं चालताना ते कधी समोर पाहत नसत. समोरून कोण आलं हे त्यांना कळायचं नाही, पण त्या माणसाच्या घरातली फरशी त्यांना तोंडपाठ असायची. मी कुणाबद्दल विचारलं की ते क्षणभर डोळे मिटून म्हणत, "शहाबादी, दोन सूत दरज, सिमेंट उडालेलं हाय. माणूस बरा हाय, पण लक्ष न्हाई घरात."

एकदा आम्ही दोघं राजूरच्या गणपतीला गेलो. चतुर्थीची मोठी रांग. काकांची मान नेहमीसारखी खाली. पायऱ्यांपाशी आल्यावर ते एकदम वाकले आणि एका दरजेत अंगठ्याचं नख रोवून पाहू लागले. नख आत गेलं नाही. समाधानानं त्यांनी तो अंगठा पुसला, तो नेमका कपाळाला लावून, कारण त्यांना घाम आला होता. मागच्या बाईंना वाटलं, इथं काहीतरी विशेष स्थान असणार. त्यांनीही वाकून तिथं अंगठा टेकवला आणि कपाळाला लावला. त्यांच्या मागच्यांनी तेच केलं. आम्ही दर्शन घेऊन, पेढे घेऊन बाहेर आलो तरी रांगेतला एकेक माणूस त्या जागी वाकतच होता, आणि कुणीतरी तिथं फुलंही ठेवली होती. मी काकांना ते दाखवलं. ते गंभीरपणे म्हणाले, "ठेवू द्या. दरज पक्की हाय. नमस्कार करण्यासारखी हाय."

घरी तर त्यांच्या राज्यात मुंगीला शिरायची सोय नव्हती. खिडक्यांच्या काचा लांबीचा लगदा भरून अशा बसवलेल्या, की काच फुटली असती पण हलली नसती. पत्र लिहिलं की पाकिटाच्या चारही कडांना खळ. त्यांचं पाकीट उघडायला लोक कात्री सोडून छिन्नी शोधायचे. त्यांच्या पुण्याच्या मुलानं शेवटी वडिलांनी कार्डच पाठवावं अशी विनंती केली होती, तीही कार्डानं. लोणच्याच्या बरण्यांची तोंडं काका स्वतः मेण ओतून बंद करत. काकू म्हणायच्या, "आम्ही लोणचं घालतो, बाई, पण खात न्हाई. नातवंडांच्या नातवंडांसाठी ठेवून राह्यलो."

वास्तुशांतीचं आमंत्रण काकांना देणं म्हणजे घरावर तपासणी ओढवून घेणं. बाकीचे पाहुणे घर पाहत, हे खिशातून होमिओपॅथीची एक छोटी बाटली काढत. तिच्यात हळदीचं पाणी. स्वयंपाकघरात जाऊन कुणाचं लक्ष नसताना ते दरजेवर एक थेंब टाकत आणि घड्याळ पाहत उभे राहत. थेंब मोत्यासारखा वर बसून राहिला तर घर पास. थेंब आत जिरला आणि पिवळा डाग राहिला तर यजमानाच्या खांद्यावर हात ठेवून, घरात कुणी गेलंय अशा आवाजात ते सांगत, "बांधलं चांगलं. पण दरज पिऊन राह्यली." पुढची दहा वर्षं तो डाग त्या घरात राही आणि ते जेवायला आले की त्यांना दाखवला जाई.

हे वेड त्यांना जन्मतः नव्हतं. ते कुठून लागलं हे ते कुणालाही सांगत, आणि नेहमी एकाच वाक्यात सांगत. "माझ्या हातून एकदा बंधारा गळाला," ते म्हणत. "साहेबानं दर्जा पाहायला सांगितला, मी दर्जा पाहिला. दरजा पाहिल्या न्हाईत. गाढव होतो." ऐकणारे हसत. शब्दांची गंमत चांगली होती. मी मात्र त्या वेळी चहाच्या कपात पाहत असे, किंवा उठून खिडकी लावत असे, आणि काका खूश होऊन म्हणत, "बाबूला समजून राह्यलं बघा. फट दिसली की उठतो."

आता इथं मला जे सांगायचंय ते मी चौदा वर्षं कुणालाही सांगितलं नव्हतं. ऐंशीनंतरच्या दोन-तीन वर्षांतली गोष्ट. मी एका सरकारी ऑफिसात नवा कारकून होतो, मराठी टंकलेखनाची परीक्षा पास झालेला आणि त्याहून वाईट म्हणजे शुद्धलेखनाचा अभिमान असलेला. साहेबांच्या अक्षरातली पत्रं टंकताना मी त्यांच्या चुका दुरुस्त करत असे आणि आपण साहेबांची लाज राखतो असं मानत असे. तेव्हा टेंभुर्णीच्या पलीकडं एका ओढ्यावर छोटा दगडी बंधारा झाला होता. त्याच्या पाण्याकडच्या अंगाच्या दरजा भरायच्या राहिल्या होत्या. साहेबांना ते माहीत होतं. त्यांनी चिठ्ठीवर खरडलं, 'दरजा बघून घ्या, मगच पाणी अडवा.' माझ्या शहरी डोक्यात दरज नावाची वस्तूच नव्हती. मला वाटलं, साहेबांना साधा 'दर्जा' लिहिता येत नाही. मी कनवाळूपणे त्या शब्दावर एक रफार चढवला आणि टंकलं, 'दर्जा बघून घ्या, मगच पाणी अडवा.' साहेबांनी न वाचता सही केली. पत्र गेलं ते आठच दिवसांपूर्वी तिथं बदलून आलेल्या ओव्हरसियरकडं. त्यानं प्रामाणिकपणे बंधारा फिरून पाहिला, दगड ठोकून पाहिले, 'दर्जा पाहिला, उत्तम आहे' असं उत्तर पाठवलं आणि फळ्या टाकून पाणी अडवलं. दुसऱ्या दिवशी बंधारा शंभर ठिकाणी गळत होता. गावच्या बायका म्हणे त्याच्याखाली उभ्या राहून नळावर भराव्या तशा घागरी भरत होत्या.

मग 'कारणे दाखवा' नोटीस निघाली. ती टंकायला माझ्याकडंच आली. मी ती अतिशय शुद्ध टंकली. तोवर दरज म्हणजे काय ते मला चपराशानं समजावलं होतं. मी साहेबांची चिठ्ठी शोधली, वाचली, आणि शूरपणा दाखवून तिचे चार तुकडे केले. ऑफिसात त्या ओव्हरसियरला लोक 'उत्तम दर्जा' म्हणू लागले. तो आला की कुणीतरी खुर्ची पुसून म्हणायचं, या, उत्तम दर्जा आले. महिन्याभरात माझी बदली झाली, साहेबांचीही झाली, आणि मी ते सगळं विसरायचा निश्चय केला. तो निश्चय बारा वर्षं टिकला. मग मी जालन्यात प्लॉट घेतला, कुंपणापलीकडून एक म्हातारा माझ्या घराच्या पायाच्या दगडांकडं टक लावून पाहत उभा राहिला आणि म्हणाला, "मी ओव्हरसियर. माझ्या हातून एकदा बंधारा गळाला." मी त्याला ओळखलं, त्यानं मला नाही. देवाला विनोद फार आवडतो. फक्त तो आपल्यावर करतो.

घर उभं राहिलं आणि प्रश्न आला स्वयंपाकघराच्या फरशीचा. हिला पांढऱ्या टाइल्सच पाहिजे होत्या, त्या आणल्या. मिस्त्रीनं त्या बसवल्या, दरजांत पांढरं सिमेंट भरलं, आठ दिवस पाणी मारलं आणि हात धुतले. काका म्हणाले, काम अर्धं झालं. दरजेत सिमेंट भरलं म्हणजे तिला सदरा घातला. वरून रेनकोट कोण घालणार? पांढरं सिमेंट पाणी पितं, तेल पितं, हळद तर आवडीनं पितं. त्याच्यावरून बंद करणारं औषध फिरवलंच पाहिजे. मिस्त्रीचं म्हणणं पडलं, की तीस वर्षांत त्यानं असलं औषध पाहिलं नाही, आणि फरशी पाण्यानं धुवायची असते, तिला दवा कशाला. हिचं म्हणणं निराळंच. औषधाला वास असेल, तेलकट होईल, आपण घसरून पडलो तर दरजा घेऊन काय करायच्या. मी कुणाच्या बाजूचा आहे असं तिघांनीही विचारलं. मी कारकून माणूस. मी म्हणालो, विचाराधीन आहे.

काकांनी आधी औषध घरीच केलं. जवसाचं तेल, मेण, आणि जुने गवंडी चुन्यात घालायचे म्हणून बेलफळाचा गर आणि गूळ. ते त्यांनी प्रयोगादाखल स्वतःच्या स्वयंपाकघरात फिरवलं. जवसाच्या तेलानं दरजा आधीच हळदीच्या रंगाच्या झाल्या, त्यामुळं हळदीचा डाग पडायची भीती राहिली नाही. गुळाचं काम संध्याकाळपर्यंत दिसलं. ज्या घरात मुंगीला शिरायची सोय नव्हती त्या घरात मुंगळ्यांनी प्रत्येक दरजेवर रांग धरली, आणि सबंध फरशीवर काळ्या रेघांची चौकट उमटली. काकूंनी आम्हाला बोलावून ती दाखवली. "दरजा बघा आता, कशा उठून दिसून राह्यल्या," त्या म्हणाल्या. काका दोन दिवस आमच्याकडं जेवले.

मग ते औरंगाबादला गेले. तिथल्या मोठ्या दुकानात म्हणे कारखान्याचं औषध मिळतं, पाण्यासारखं पातळ. सत्तरी ओलांडलेला माणूस, गुडघे सुजलेले, एसटीनं गेला आणि डबा मांडीवर धरून एसटीनं आला. वाटेत डब्याचं झाकण गळालं, कारण ते त्यांनी स्वतः लावलेलं नव्हतं. उजवी मांडी भिजली. पण औषध अस्सल निघालं. त्या पँटवर त्यानंतर कधी चहा सांडला तरी थेंब मोत्यासारखा घरंगळून जात असे, आणि काका ती पँट मुद्दाम लग्नाकार्याला घालत आणि पंगतीत मांडीवर पाणी टाकून दाखवत.

ती मांडी पाहून ही विरघळली. म्हणाली, "काका एवढे गेलेत आपल्यासाठी तर फिरवू द्या त्यांना. मी जपून चालेन." वास्तुशांतीला चार दिवस होते. मी म्हणालो, मिस्त्रीला बोलावू. काकांनी ऐकलं नाही. मिस्त्री टाइल पाहील, दरज पाहणार नाही, म्हणाले. सकाळी नऊ वाजता ते जुना पायजमा घालून आले. ब्रशचे केस कापून त्यांनी तो बोटाएवढा अरुंद केला होता. गुडघ्यांखाली पोतं घेतलं आणि ओट्याच्या कोपऱ्यापासून एकेक दरज रंगवायला सुरुवात केली. मी मागून फडक्यानं टाइलवर आलेलं औषध पुसत होतो. तास गेला, दीड तास गेला. दर दोन टाइल्सनंतर ते थांबत, गुडघा दाबत आणि पुढं सरकत. हिनं दोनदा चहा आणून दिला. तो घेताना ते तिला म्हणाले, "सूनबाई, इथं कितीबी हळद सांडा आता. बिलकुल डाग पडणार न्हाई."

मी त्यांच्या मागं गुडघ्यावर रांगत होतो आणि माझ्या नाकासमोर त्यांचे तळपाय होते, टाचांना भेगा पडलेले. जगातल्या सगळ्या फटी बुजवणाऱ्या माणसाच्या टाचा. माझ्याच्यानं त्या पाहवेनात. ते दारापर्यंत आले होते. उंबऱ्याजवळची शेवटची लांब दरज अर्धी झाली होती आणि त्यांनी मागं न वळता, सवयीनं ते वाक्य म्हटलं.

"साहेबानं दर्जा पाहायला सांगितला. मी दर्जा पाहिला. साहेबाला काय म्हणायचं होतं ते अजून न्हाई समजलं, बाबू. दर्जा तर उत्तमच होता."

"काका," मी म्हणालो, "साहेबांनी दरजाच लिहिलं होतं."

त्यांचा ब्रश थांबला. वळायला त्यांना वेळ लागला. तोवर मी सगळं बोलून टाकलं. चिठ्ठी, टंकयंत्र, माझं शुद्धलेखन, चार तुकडे, नोटीससुद्धा. ही दारात उभी होती. तिलाही हे पहिल्यांदाच कळत होतं. काकांनी ब्रश डब्यावर आडवा ठेवला. मग त्यांनी खिशातून होमिओपॅथीची बाटली काढून माझ्याकडं सरकवली.

"लिहून दाखवा," म्हणाले.

मी हळदीच्या पाण्यात बोट बुडवलं आणि कोऱ्या पांढऱ्या टाइलवर लिहिलं, 'दरजा'. शेजारच्या टाइलवर लिहिलं, 'दर्जा'. दुसऱ्या शब्दावरचा रफार जरा मोठाच आला. काका दोन्ही हातांवर वाकून ते शब्द आलटूनपालटून पाहत राहिले. मग त्यांनी करंगळीनं तो रफार पुसला. पुन्हा पाहिलं.

"म्हंजे," ते म्हणाले, "मी गाढव नव्हतो?"

"नाही. ते मी होतो."

"चौदा वर्सं?"

"चौदा वर्षं."

ते पोत्यावर बसले. मला वाटलं, आता उठून जातील आणि कुंपणातली ये-जा करायची फट बुजवून टाकतील, कायमची. त्यांचे खांदे हलू लागले. हिनं घाबरून पाण्याचा तांब्या पुढं केला. पण ते हसत होते. आधी आवाज न करता, मग मोठ्यानं, मग भिंतीला टेकून डोळे पुसत. "एवढासा," ते बोटांची चिमूट करून हिला दाखवत होते, "सूनबाई, एवढासा रफार. आन सबंध बंधारा गळाला." हसता हसता त्यांना ठसका लागला. ठसका ओसरला तेव्हा त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"सांगायचं न्हाई का, बाबू," ते हळूच म्हणाले. "मी रोज त्या बंधाऱ्यावर जाऊन येत होतो हो. रोज. मनातल्या मनात."

मी मान खाली घातली. जन्मात पहिल्यांदा दरजांकडं नीट पाहिलं.

"बस, झालं," ते म्हणाले. "आता लेखी द्या."

सरकारी माणसाचं मन असंच मोकळं होतं. मी आतून कागद आणून रीतसर पत्र लिहिलं. विषय, रफाराबाबत. वरील विषयान्वये सविनय कळवितो की सदर बंधारा गळण्यास ओव्हरसियर जबाबदार नसून खाली सही करणार जबाबदार आहे. काकांनी ते वाचलं, 'कळवितो'मधली वेलांटी तपासली आणि जोरात घराकडं गेले, गुडघे विसरून. कुंपणापलीकडून काकूंचा आवाज आला, काय झालं म्हणून. मग तिथूनही हसू.

त्या पत्रासाठी त्यांनी पाकीट केलं, पण त्याला खळ लावली नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं पाकीट उघडं राहिलं, कारण ते दिवसातून दहादा काढायचं असे. वास्तुशांतीला त्यांनी हळदीची बाटली आणलीच नाही, पाकीट आणलं. प्रत्येक पाहुण्याला स्वयंपाकघरात नेऊन, फरशी न दाखवता, ते पत्र वाचायला लावलं. जुन्या ऑफिसातल्या हयात असलेल्या सगळ्यांकडं ते जाऊन आले, पार शहागडपर्यंत. 'उत्तम दर्जा' हे नाव त्या महिन्यात संपलं आणि मला नवं मिळालं. अजून बाजारात कुणीतरी हाक मारतं, ओ रफार. मी वळून पाहतो. नाव बराबर आहे.

उंबऱ्याजवळची ती दरज मात्र अर्धीच राहिली होती. मी आठवण केली तेव्हा काकांनी ब्रश आणि तळाशी उरलेलं औषध माझ्या हातात दिलं. "ती तुम्ही भरा," म्हणाले. "रफार तुमचा, दरज बी तुमची. जल्दी न्हाई." पुढं येता-जाता ते उंबऱ्याकडं पाहून विचारत, "बाबू, प्रकरण कुठवर आलं?" मी म्हणे, "विचाराधीन आहे." ते हसत हसत कुंपण ओलांडून जात. मग गुडघे फारच बिघडले. मुलगा येऊन दोघांना पुण्याला घेऊन गेला. तिथून त्यांची कार्डं येत, आणि प्रत्येक कार्डाच्या शेवटी तोच प्रश्न असे. एका वर्षी कार्डं थांबली. नंतर काकूंचं एक पाकीट आलं. बोट लावताच उघडलं. आत माझं ते पत्र होतं, घड्यांवर विरलेलं.

आता ते औषध जालन्यात कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. ही दर दिवाळीला म्हणते, अहो, आणा एकदाचा डबा. मी हो म्हणतो आणि आणत नाही. फरशी इतकी वर्षं झाली तरी पांढरी आहे, दरजा चुन्यासारख्या स्वच्छ आहेत. फक्त दारातल्या त्या एका दरजेत पांढरं वीतभर येतं आणि मधेच थांबतं. तिथून पुढं ती हळद पिऊन पिवळी झाली आहे. मी तिच्यावरून जाताना पाय जरा उचलून टाकतो. कुणी विचारलंच, तर प्रकरण अजून विचाराधीन आहे.